तुटलेले बोट आणि वरचे कोर्ट

‘वरच्या कोर्टात बघून घेऊ’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की वरचे कोर्ट म्हणजे खालच्या कोर्टाचेच एक मोठे, हवेशीर दालन असावे आणि तेथे तीच कैफियत पहिल्यापासून पुन्हा ऐकून घेत असावेत, असा आपला समज होऊन बसतो. घरजमिनीच्या दाव्यांत हा समज काही अंशी खराही आहे. परंतु कारखान्यात, बांधकामावर किंवा मालमोटारीवर काम करताना ज्याचा हात गेला, डोळा गेला किंवा जीवच गेला, त्याच्या भरपाईच्या प्रकरणात तो जवळजवळ पूर्ण चुकीचा ठरतो. ठाणे ते कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट ठाऊक असावयास हवी. कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातले कुणी ना कुणी वागळे इस्टेटीत, शहाड-अंबरनाथच्या कारखान्यांत किंवा डोंबिवलीच्या एम.आय.डी.सी.त पाळीवर जाते, निदान एके काळी जात होते.

मी कायद्याची विद्यार्थिनी नाही. गेल्या दोन सुट्ट्यांत ठाण्याच्या एका वकीलबाईंकडे फायली लावणे आणि मराठी अर्ज टंकणे एवढे काम मी केले. या विषयातली माझी पात्रता काय ती इतकीच. पण फायली लावता लावता त्या वाचल्या जातात, आणि वाचल्यावर गप्प बसवत नाही, म्हणून हा लेख.

कामावर असताना इजा झाली तर मालकाने भरपाई द्यावी, ही कल्पना आज आपल्याला सरळ वाटते. पूर्वी ती तशी नव्हती. इंग्लंडमध्ये १८३७ साली एका खाटकाच्या पोऱ्याचा खटला गाजला. मालकाच्या सांगण्यावरून तो मालगाडीवर बसून निघाला, गाडी जादा माल भरल्यामुळे मोडली आणि पोराची मांडी मोडली. ज्युरीने त्याला शंभर पौंड देवविले. वरच्या न्यायाधीशांनी ते काढून घेतले. त्यांच्या मते गाडी भारी झाली आहे हे पोराला दिसत होते आणि त्याला जायचे नव्हते तर त्याने जाऊ नये! नोकरी सोडून उपाशी राहण्याचे स्वातंत्र्य त्याला होतेच, नाही का? हा न्याय पुढे साठ वर्षे टिकला. जर्मनीत १८८४ साली अपघात विम्याचा कायदा झाला, इंग्लंडात १८९७ साली भरपाईचा. आणि इथे एक गोष्ट आवर्जून सांगावयाची, ती अशी की त्याच १८८४ साली, ठाण्याला जन्मलेल्या आणि महात्मा फुल्यांचे सहकारी असलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून जे मागणीपत्र तयार केले, त्यात रविवारच्या सुट्टीबरोबर आणखी एक मागणी होती. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा जायबंदी झाल्यास त्याच्या पोटाची तजवीज व्हावी, अशी ती मागणी. रविवारची सुट्टी आपण लोखंड्यांच्या नावाने लक्षात ठेवली. ही दुसरी मागणी विसरलो. ती कायद्यात यायला १९२३ साल उजाडले आणि १ जुलै १९२४ पासून तो कायदा अंमलात आला.

या कायद्याने चूक कुणाची हा प्रश्नच बहुतेक ठिकाणी बाजूला ठेवला. अपघात ‘कामामुळे आणि कामाच्या ओघात’ झाला असला म्हणजे पुरे. मालक निष्काळजी होता हे सिद्ध करावे लागत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. पण आधीच्या अपघातांची प्रकरणे जुन्याच कायद्याने चालायची आहेत, आणि अपिलाचा साचा संहितेतही तोच ठेवला आहे. म्हणून पुढचे विवेचन मी जुन्या कायद्याच्याच भाषेत करते.

कायद्याच्या शेवटी एक अनुसूची आहे. ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती एखाद्या दुकानातल्या दरपत्रकासारखी वाटली. माणसाच्या प्रत्येक अवयवापुढे एक आकडा लिहिलेला. अंगठा गेला तर कमाईच्या शक्तीत घट शेकडा ३०. तर्जनी संपूर्ण गेली तर १४, तिची दोन पेरे गेली तर ११, एक पेर गेले तर ९, आणि हाडाला धक्का न लागता नुसते टोक उडाले तर ५. मधले बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची चारही बोटे ५०. एक डोळा, दुसरा शाबूत असता, ४०. दोन्ही हात गेले तर १००. वाचताना अंगावर काटा येतो. पण विचार केल्यावर या रुक्षपणातच एक प्रकारची दया आहे असे मला वाटू लागले. करंगळी गेलेल्या माणसाला आपल्या दुःखाचे वर्णन करून कुणाला पाझर फोडावा लागत नाही. आकडा लिहिलेला आहे.

हिशेब असा. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर महिन्याच्या वेतनाचे ६० टक्के घ्यायचे आणि वयाप्रमाणे ठरवून दिलेल्या गुणकाने गुणायचे. विसाव्या वर्षी हा गुणक २२४ आहे, चाळिसाव्या वर्षी १८४.१७. जितके वय कमी तितकी कमाईची वर्षे जास्त, म्हणून गुणक मोठा. अंशतः अपंगत्व असेल तर आलेल्या रकमेचे अनुसूचीतले शेकडा प्रमाण. चाळीस वर्षांच्या माणसाचे वेतन पंधरा हजार धरले आणि तर्जनी गेली, तर २,३२,०५४ रुपये होतात. (२०२० साली वेतनाची कमाल मर्यादाच पंधरा हजार ठरविली गेली, त्यापूर्वी ती आठ हजार होती.) आता याच माणसाचे वेतन पगारपत्रकावर आठ हजार दाखविलेले असेल, तर भरपाई १,२३,७६२. बोट तेच, वय तेच. फरक एक लाख आठ हजारांचा, आणि तो कुणीतरी वहीत लिहिलेल्या एका आकड्यामुळे.

हा चाळीस वर्षांचा माणूस मी कल्पनेने उभा केलेला नाही. ते आमच्या चाळीतले शेजारी. आम्ही त्यांना मामा म्हणतो. पत्र्याच्या एका शेडमध्ये पॉवर प्रेसवर पत्र्याच्या चकत्या काढण्याचे त्यांचे काम. शेडचे नाव इथे सांगत नाही. प्रेसच्या दाबाखाली बोट गेले तेव्हा मुकादमाने त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेले आणि तिथल्या केसपेपरावर ‘घरी दरवाजात बोट सापडून इजा’ असे लिहवून घेतले. मामा तेव्हा शुद्धीवर होते, पण कुणी काय लिहिते आहे इकडे लक्ष देण्याच्या स्थितीत नव्हते. त्यानंतर मालकाने दोन महिन्यांचा पगार दिला आणि एका कोऱ्या कागदावर सही मागितली. ती मात्र मामींनी करू दिली नाही. वास्तविक अशा कागदावर हक्क सोडून दिला तरी कायदा त्याला किंमत देत नाही; पण मामींना कायदा ठाऊक नव्हता, माणसे ठाऊक होती.

दाव्यात मालकाची तीन उत्तरे होती. हा माणूस आमचा नव्हे, कंत्राटदाराचा. अपघात आमच्याकडे झालाच नाही. आणि झाला असलाच तर प्रेसचे गार्ड त्याने स्वतः काढले होते. तिन्ही एकाच वेळी खरी कशी असतील, असे मी वकीलबाईंना भाबडेपणाने विचारले. त्या म्हणाल्या, “अगं, खरी असायला लागत नाहीत. एक टिकलं तरी पुरे.” पहिले उत्तर टिकले नाही, कारण मूळ मालकाच्याच धंद्याचे काम कंत्राटदारामार्फत करून घेतले तरी भरपाईची जबाबदारी मूळ मालकावरच येते आणि मग त्याने ती कंत्राटदाराकडून वसूल करावी, असे कलमच आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये जे भीषण स्फोट झाले, तसल्या वेळी तर हे कलम फार मोलाचे ठरते. मेलेल्या माणसाचे नाव हजेरीपत्रकावर नसले तरी त्याचे वारस उघड्यावर पडू नयेत. मामांचे दुसरे उत्तर मात्र जड गेले. केसपेपर होता ना! आयुक्तांनी, म्हणजे भरपाईचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांनी, अपघात कामावर झाल्याचे सिद्ध होत नाही असे ठरवून अर्ज फेटाळला.

मामा लगेच म्हणाले, “वरती जाऊ.” आणि इथे आपल्या विषयाची खरी गाठ सुरू होते.

जुन्या कायद्याचे तिसावे कलम अपिलाविषयी आहे. आयुक्तांच्या निकालावर अपील उच्च न्यायालयाकडे होते. मुदत साठ दिवसांची. आणि अट अशी की, प्रकरणात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न गुंतलेला असला पाहिजे. अपघात झाला की नाही, माणूस कामगार होता की नाही, त्याचा पगार किती, वय किती, हे सारे वस्तुस्थितीचे प्रश्न. त्यांवर आयुक्तांचा शब्द शेवटचा. उच्च न्यायालय साक्षीदारांना पुन्हा पिंजऱ्यात उभे करीत नाही. खालच्या साक्षी वाचून ‘आम्हांला वेगळे वाटते’ असे म्हणण्याचाही त्याला सहसा अधिकार नाही. २०१६ साली एका प्रकरणात उच्च न्यायालयाने अपंगत्वाची टक्केवारी स्वतः पुन्हा तोलून कमी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून आयुक्तांचीच टक्केवारी कायम केली.

मला आधी ही अट अन्यायाची वाटली. गरीब माणसाला एकदाच बोलायची संधी? पण फायली जसजशा वाचत गेले तसे दिसले की, अपिले करणाऱ्यांत मालक आणि विमा कंपन्या पुष्कळ असतात. जिंकलेल्या कामगाराचे बोट, हात, पगार हे सर्व जर वर पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावे लागले असते, तर ज्याच्याकडे वकील आणि वेळ जास्त, तोच प्रत्येक वेळी जिंकला असता. खिडकी अरुंद ठेवली ती बहुधा यासाठी. मात्र तीच खिडकी मामांसारख्यालाही अरुंदच असते. कायदा कुणासाठी केला हे खिडकीला कळत नाही.

आणखी एक राखण आहे. मालकाला अपील करायचे असेल तर भरपाईची रक्कम आधी आयुक्तांकडे भरल्याचा दाखला अपिलाबरोबर जोडावा लागतो. दाखला नाही तर अपील नाही. कामगाराला अपील करताना अशी रक्कम भरावी लागत नाही, हे अर्थात उघड आहे. तो भरणार कुठून? पण भरलेली रक्कम लगेच हाती येतेच असे नाही. अपिलाचा निकाल होईतो ती अडवून ठेवता येते. शिवाय एक महिन्याच्या आत भरपाई न देणाऱ्या मालकावर शेकडा १२ व्याज चढते आणि योग्य कारण नसेल तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंडही. विमा कंपनी भरपाई आणि व्याज देते; दंड मालकाच्याच खिशातून जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली ठरविले. चुकीची शिक्षा विम्यावर ढकलता येऊ नये, हे मला फार पटले.

मग कायद्याचा प्रश्न म्हणजे तरी काय? दोन जुनी उदाहरणे सांगते. ओरिसात एका सिनेमागृहाच्या सजावटीचे काम करताना १९६८ साली एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपरावरून कापावा लागला. मालकाचे म्हणणे, अनुसूचीत अशा हाताला पूर्ण १०० टक्के नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये सांगितले की, हा सुतार आहे, आणि सुतारकाम एका हाताने होत नाही. म्हणून त्याच्यापुरते अपंगत्व पूर्णच. भरपाईही निकालाच्या दिवसापासून देय होत नाही, अपघाताच्या दिवसापासून होते. हात किती इंच राहिला ही वस्तुस्थिती. त्या उरलेल्या हाताला त्याच्या धंद्याच्या मापाने मोजायचे की दरपत्रकाच्या, हा कायद्याचा प्रश्न. तेव्हापासून ‘सुताराचा निकाल’ प्रत्येक फाईलमध्ये सापडतो.

दुसरे उदाहरण मुंबईचेच. बेस्टचा एक ड्रायव्हर १९५७ साली दिवसाचे काम संपवून, बस डेपोत लावून, दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी निघाला होता. वाटेत ती बस उभ्या लॉरीला धडकून तो मेला. काम तर संपले होते. मग हा कामाच्या ओघातला मृत्यू कसा? आयुक्तांनी त्याच्या विधवेचा अर्ज नाकारला. उच्च न्यायालयाने तो मान्य केला आणि १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने त्यावर शिक्कामोर्तब केले. ड्रायव्हरांना बसचा मोफत प्रवास दिला जाई तो सेवा वेळेवर चालावी म्हणून. तेव्हा तो प्रवास नोकरीचाच भाग. इथे झालेल्या गोष्टींविषयी वाद नव्हताच. वाद होता तो ‘कामाच्या ओघात’ या दोन शब्दांची हद्द कारखान्याच्या फाटकाशी संपते की पुढेही थोडी जाते, याविषयी.

ही हद्द पुढे न्यायालयांनी कधी सैल केली, कधी आवळली. १९९६ साली कारखान्यापासून एक किलोमीटरवर अपघात झालेल्या सायकलस्वार कामगाराला सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटले. आणि २९ जुलै २०२५ रोजी त्याच न्यायालयाने धाराशिवच्या एका प्रकरणात होय म्हटले. साखर कारखान्याचा एक पहारेकरी, पहाटे तीनची पाळी. २२ एप्रिल २००३ रोजी मोटारसायकलने कामावर निघाला असता कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर मेला. मागे पत्नी, चार मुले आणि आई. आयुक्तांनी २००९ मध्ये ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केले. विमा कंपनी आणि कारखाना अपिलात गेले आणि उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते काढून घेतले. कारण एकच, तो अजून कारखान्यात पोहोचलेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पहारेकऱ्याला पहाटे तीनला हजर व्हायचेच होते, अपघाताची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी धागा जुळतो, तेव्हा भरपाई द्या. कायद्याचा एक प्रश्न सुटला. पण २००३ ते २०२५ हा हिशेब आपण आपल्या वयावरून करून पाहावा. आपल्या वर्गातले पुष्कळ जण या बावीस वर्षांच्या आतच जन्मले, शाळा संपवून कॉलेजात आले. त्या चार मुलांचीही शाळा याच काळात व्हायची होती.

ठाण्या-कल्याणकडच्या पुष्कळ कामगारांना मात्र हा रस्ता मोकळाच नसतो, हे इथे सांगितलेच पाहिजे. ज्याच्याकडे ई.एस.आय.चे कार्ड आहे, त्याला १९२३ च्या कायद्याखाली मालकाकडून भरपाई मागता येत नाही. त्याने विमा महामंडळाकडे जावयाचे. तिथे वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरविते, ती मान्य नसेल तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरण किंवा कर्मचारी विमा न्यायालय, आणि त्यापुढे उच्च न्यायालय. पण तेही पुन्हा साठ दिवसांत आणि पुन्हा कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच. म्हणून वकीलबाई येणाऱ्या प्रत्येकाला आधी एकच विचारतात, “कार्ड आहे का?” चुकीच्या खिडकीशी वर्ष-दीड वर्ष उभी राहिलेली माणसे मी पाहिली आहेत. मामांच्या शेडमध्ये आठच माणसे होती, दहा झाली असती तर तीही ई.एस.आय.त आली असती.

मामांचे अपील आता मुंबईस दाखल झाले आहे. अपघात कामावर झाला की नाही हा प्रश्न वस्तुस्थितीचा, तेव्हा वकीलबाईंना त्याला कायद्याच्या प्रश्नाचे रूप द्यावे लागले. शेजारच्या प्रेसवर काम करणाऱ्या माणसाने खाली शपथेवर साक्ष दिली होती की बोट त्याच्या डोळ्यांदेखत गेले. निकालात त्या साक्षीचा उल्लेखच नाही. साक्ष वाचून अविश्वसनीय ठरविणे हा आयुक्तांचा अधिकार. पण ती विचारातच न घेणे हा कायद्याचा दोष होतो, असा त्यांचा मुद्दा. अपिलाचा तो परिच्छेद मीच टंकला. चार ओळी आहेत. या चार ओळींसाठी त्या कामगाराने तीन तारखांना आपला खाडा केला होता, आणि तिसऱ्या तारखेनंतर त्याला शेडमध्ये काम उरले नाही.

आपल्या रोजच्या वाटेवरचा एक प्रश्न राहिला. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले आणि काही जण मेले. कामावर जाताना असा कुणी पडला, तर त्याला रेल्वे दाव्यांच्या न्यायाधिकरणाकडे जाता येते. मृत्यूबद्दल २०१७ पासून आठ लाखांची तरतूद आहे आणि तिथले अपील वस्तुस्थितीवरही चालते. ई.एस.आय.वाल्या कामगाराला कामावर जाण्या-येण्याच्या वाटेवरील अपघात २०१० पासून, नोकरीशी धागा जुळत असेल तर, कामाचाच अपघात समजला जातो. नव्या संहितेने हीच तरतूद बाकीच्यांनाही लागू केली आहे. पहाटे तीनच्या पहारेकऱ्याचा धागा जुळला. सात बावीसच्या लोकलला दारात जागा मिळाली म्हणून दारात उभा राहिलेल्या, पावणेनऊला मस्टरवर सही करायची असलेल्या डोंबिवलीच्या माणसाचा जुळेल की नाही, हा प्रश्न घेऊन कुणीतरी एक दिवस उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढेल. त्या दिवशी त्याच्या हातात मस्टरची नक्कल आणि लोकलचा पास असलेला बरा.